फडक्यावरचं विरजण

फिलोमिना आंटी, तुमच्या फ्रीझरमधलं ते फडकं माझ्याकडं आहे. आधी हेच सांगून टाकते, कारण तुमच्या भावाला वाटतंय की ते कचऱ्यात गेलं.

इग्नेस अंकल शांती नगरचा फ्लॅट रिकामा करायला उत्तनहून टेम्पो घेऊन आले होते. मला म्हणाले, "वर्षा, फ्रिज तूच बघ. माझे बहिणीचे डब्यांची मला भीती वाटते. कशात जेवण हाय आन् कशात जंतू, सांगता येत न्हाय." मी बघितला. बोंबलाचं लोणचं, अर्धं चिरलेलं लिंबू, माझ्याच हातची भेंडी, जी तुम्ही खाल्लीच नाही. आणि फ्रीझरमध्ये बर्फाला चिकटलेली बारकी पिशवी. आत बुटाच्या खोक्यातली ती ओल शोषणारी पुडी आणि माझ्या मायच्या जुन्या लुगड्याचा तळहाताएवढा तुकडा. पापडासारखा कडक.

"काय हाय?" अंकलनी विचारलं.

"फडकं," मी म्हणाले.

"मग ठेवते कशाला?"

याचं उत्तर लांब होतं आणि खाली टेम्पोवाला हॉर्न मारत होता. मी पिशवी पर्समध्ये घातली. आता तुमच्या महिन्याच्या मिसानंतर, चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, सगळे उत्तनच्या घरी बसणार आहेत आणि ज्याला जे आठवेल ते त्यानं बोलायचं आहे. मला चारचौघांत बोलता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे. म्हणून ते लांब उत्तर लिहून आणतेय. लिहितेय मात्र तुम्हालाच.

तुमच्याकडं मी पोळ्या-भाजीला लागले तेव्हा आरोही पोटात होती. शांती नगरमध्ये माझी आणखी घरं होती. तिथं मी कुणाला काही विचारायची नाही, मीठ किती हे सोडून. तुमच्याकडं मात्र कणीक मळताना समोर ती भिंत यायची. एका बाजूला येशू, त्याच्याखाली लाल दिवा, आणि शेजारी तेवढ्याच मोठ्या चौकटीत निळ्या रेघांचा फोटो. उभे पट्टे, प्रत्येक पट्ट्यात आडव्या रेघा, काही जाड, काही पुसट. देवाशेजारी लावलंय म्हणजे मोठंच काहीतरी असणार. बरेच दिवस धीर झाला नाही. मग एकदा विचारलंच.

"आंटी, हा कुठल्या साडीचा काठ आहे?"

तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. मला वाटलं, गेलं हे काम.

"माझी भाची ह्याला बारकोड म्हणते," तुम्ही म्हणालात. "काठ बरा. कणीक झाक आणि बस इकडे."

तुम्ही सांगितलंत की तुमची सगळी नोकरी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत गेली आणि त्या नोकरीतून घरी आणावीशी वाटली अशी ही एकच गोष्ट. पोर जन्मलं की डाव्या दंडात टोचतात ती बीसीजी, टीबीची लस, तिचा हा फोटो. मी म्हटलं, लस तर पाण्यासारखी दिसते, तिला काठ कुठून आला? तुम्ही म्हणालात, त्या पाण्यात जिवंत जंतू असतात. माझा हात आपोआप पोटावर गेला. "घाबरू नको," तुम्ही म्हणालात, "मवाळ केलेले असतात."

आणि मग ती बटाट्याची गोष्ट. शंभरेक वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या दोघांनी गाईच्या टीबीचा जंतू घेतला आणि पित्तात शिजवलेल्या बटाट्याच्या फोडीवर वाढवला. जुन्या फोडीवरून थोडा उचलायचा, नव्या फोडीवर ठेवायचा. तो वाढला की पुन्हा थोडा उचलायचा. असं वर्षानुवर्षं. करता करता जंतू आजार करायचं विसरला, पण अंगाला ओळख देण्याइतका उरला. मग तो देशोदेशी वाटला. कुणी जपानला नेला, कुणी रशियाला, कुणी ब्राझीलला, कुणी डेन्मार्कला. तिथं प्रत्येकानं तो आपापल्या पद्धतीनं वाढवत ठेवला.

"मंग?" मी विचारलं. मी घाबरले किंवा रंगले की माझ्या तोंडी गावाकडचं येतं.

"मंग काय. मुली सासरी गेल्या आन् सासरच्या झाल्या."

फोटोतला एकेक पट्टा म्हणजे एकेका देशाला गेलेली मुलगी, हे मला तेव्हा कळलं. जंतू जी प्रथिनं बनवतात ती तुम्ही एका थापलेल्या जेलीत सोडायचात आणि जेलीला करंट द्यायचात. बारकी प्रथिनं भराभर पुढं पळतात, मोठी मागं रेंगाळतात. मी म्हटलं, जत्रेत बारकी पोरं मोठ्यांच्या पायांतून पुढं सटकतात तसं. तुम्ही म्हणालात, अगदी तसं. मग निळा रंग टाकला की जो जिथं पोचला तिथं त्याची रेघ दिसते. तुमची बोटं नोकरीभर निळी असायची आणि चर्चमध्ये फादर विचारायचे, फिलोमिना, शाई सांडली का.

मी उठून फोटोजवळ गेले. बहुतेक रेघा सगळ्या पट्ट्यांत सारख्या होत्या. पण खालच्या बाजूला एके ठिकाणी जपान, रशिया आणि ब्राझीलच्या पट्ट्यात काजळासारखी जाड रेघ होती आणि डेन्मार्क आणि फ्रान्सच्या पट्ट्यात तिथं जवळजवळ काहीच नव्हतं.

"इथली कुठं गेली?"

"हरवली. किंवा हाय, पण बनवायची कमी झाली. हलवता हलवता कधीतरी."

"मग तिच्यावाचून चालतं त्यांचं?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "हाच प्रश्न माझाही हाय." पुढं काही सांगाल म्हणून मी थांबले. तुम्ही चहा संपवलात. मला हे फार नवीन होतं, की तुमच्यासारख्या बाईला एखादी गोष्ट माहीत नसावी आणि तिनं ती सरळ तशी सांगावी.

तेव्हाच मी म्हणाले की हे तर विरजणासारखं झालं. लग्न होऊन हिंगोलीकडून मी इथं भाईंदरच्या नवघरला आले तेव्हा मायनं विरजण दिलं होतं. एवढ्या लांब वाटीतलं दही टिकत नाही. आमच्याकडं धुतलेल्या सुती फडक्याला दही माखतात आणि सावलीत वाळवतात. पोचलं की तुकडा कोमट दुधात टाकायचा. मी भित्री, म्हणून अर्धंच फडकं वापरलं. अर्धं पिठाच्या डब्यावर, पिशवीत बांधून ठेवलं. दही कधी बिघडलंच तर असू दे.

तुम्ही कप तसाच टाकून उभ्या राहिलात. "वाळवून? आणि अजून हाय तुझ्याकडे? आत्ता घेऊन ये."

"आंटी, पोळ्या?"

"चपात्या मी करते."

तुमच्या त्या पोळ्या मी खाल्ल्यात. तरी त्या दिवशी नवघरला जाऊन फडकं घेऊन आले. तुम्ही ते उजेडाला धरून बघितलंत, जसं कुणी सोनं बघतं. मग सांगितलंत की प्रयोगशाळांना हीच अक्कल उशिरा आली. वर्षानुवर्षं हलवत बसले आणि जंतू बदलत गेले. शेवटी गोठवून वाळवायला शिकले तेव्हा कुठं बदल थांबला. वाळवलेलं ते बियाणं. त्यातलं जपून थोडं काढायचं, पुढं वाढवत बसायचं नाही. "तुझे मायला हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, तिच्या मायनं असेल. तुम्ही चपलांच्या कपाटातून बुटाचं खोकं काढलंत, त्यातली पुडी फडक्याबरोबर घातलीत आणि पिशवी फ्रीझरमध्ये ठेवलीत.

आणि रोजच्या दह्याच्या चार वाट्या केल्यात. वाट्या आमच्याच. आरोहीचे पप्पा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारतात, त्यांच्याकडून चार सारख्या वाट्या मागवल्यात. माझ्या घरच्या एकाच दह्यातून चारींत थोडं थोडं घातलंत. एक तुमच्याकडं, एक माझ्याकडं, एक समोरच्या हंसाबेनकडं, एक उत्तनला, तुमच्या भावजयीकडं, मार्था आंटीकडं. प्रत्येकीनं रोज आपल्या दुधात लावायचं, बाहेरचं विरजण घालायचं नाही. आरोही झाली, बारसं झालं, मी पुन्हा कामाला आले, तेव्हा तुम्ही सगळ्या वाट्या एकत्र मागवल्यात.

तो दिवस आठवला की मला अजून हसू येतं. हंसाबेनचं दही गोडसर, घट्ट, सुरीनं कापावं असं. माझं आंबट. तुमचं ताराताराचं, चमच्याला लोंबणारं. मार्था आंटींच्या वाटीला सुकटीचा वास.

"हमारा तो मीठा ही होता है," हंसाबेन म्हणाल्या. "आंबट तो वर्षा का. गुस्सा करके जमाती होगी."

मार्था आंटी म्हणाल्या, "माझे फ्रिजात म्हावरा हाय, त्यात माझा काय दोष?"

मी भाजी चाखते तसा एकच चमचा एका वाटीतून दुसरीत घालत होते. तुम्ही माझं मनगट धरलंत. "चमचा बदल. अशानंच नाव एक आन् आत दुसरंच, असं होतं." हंसाबेन म्हणाल्या, "दही है कि कोर्ट कचेरी?" पण त्यांनीही चमचा बदलला.

नंतर तुम्ही मला बजावलंत की दह्यावरून फार लांब जायचं नाही. दह्यात जंतूंची आख्खी वरात असते. कोण नाचला, कोण बसून राहिला, त्यावरून चव फिरते. बीसीजीचा जंतू एकटा असतो. तो बदलला तर आतून, स्वतःच बदलतो. हे मला पटलं. जे पटलं नाही ते दुसरं.

मी म्हटलं होतं, या चारींतलं कुठलंच खरं नाही. खरं दही मायकडं, गावात. तुम्ही म्हणालात, तेही आता पहिलं राहिलेलं नसेल, फ्रान्समध्ये मागं राहिलेला जंतूसुद्धा बदलला, कारण तेही हलवतच होते, त्या पहिल्या फोडीवरचा आज कुणाकडंच नाही. मला राग आला.

"माझ्या मायचं दही गावातच आहे. तेच घर, तेच गाडगं, तीच म्हैस. ते कसं बदलेल?"

"म्हैस तीच हाय?"

म्हैस विकली होती. तुम्ही दोन दिवस ते लक्षात ठेवून मला चिडवलंत. दुधाची पिशवी आणली की विचारायचात, "ही कुठली गं म्हैस? तीच?"

मी एवढी का चिडले ते तुम्हाला नंतर कळलं. तोवर मी तुम्हाला सांगितलं नव्हतं की मायला टीबी झाला होता. मी सातवीत होते. पाणी, भाकऱ्या, धाकटा भाऊ, सगळं माझ्यावर आलं आणि आठवीचा वर्ग मी बघितला नाही. तिचं ताट वेगळं केलं होतं, कडेला वाकलेली एक ॲल्युमिनियमची ताटली. मायनं सगळा कोर्स केला, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, बरी झाली असं लिहून मिळालं. ताटली मात्र तिनं सोडली नाही. म्हणायची, असू दे, मला तीच गोड लागते.

आरोहीला हॉस्पिटलातच बीसीजी दिली. मग मी तिचा दंड बघत बसले. सगळ्यांच्या पोरींना आधी पुळी येते, फुटते, वण राहतो. आरोहीला बारकी लाली आली आणि गेली. दंड कोरा. शेजारच्या बायका म्हणाल्या, वण नाही म्हणजे लस लागलीच नाही. आणि तिकडं माय फोनवर म्हणायची, "कवा आणतीस लेकराला?" आणि मधेच खोकायची. मी दर वेळी काहीतरी सांगायची. सुट्टी नाही, गाडीचं रिझर्वेशन नाही, आरोहीचा दात येतोय. आरोही बसायला लागली, रांगायला लागली, तरी मायनं तिला फक्त मोबाइलच्या काचेत बघितलं होतं.

हे सगळं मी तुमच्यापुढं ओकले. तुम्ही आरोहीचा दंड बघितलात, बोटानं नीट दाबून. म्हणालात, "काहींना वण येतच न्हाय. वण आला न्हाय म्हणजे लस लागली न्हाय, असं म्हणता येत न्हाय. आणि त्यासाठी पुन्हा टोचायची न्हाय, असाच नियम हाय."

"हिला कुठली टोचली असेल? जाड रेघेची का बिनरेघेची?"

"कार्डावर काय लिहिलंय?"

"नुसतं बीसीजी."

"मग मला सांगता येणार न्हाय."

"पण चांगली कुठली?"

तुम्ही फोटोकडं बोट केलंत. "वर्षा, प्रथिनं वेगळी हायत, हे मी तुला दाखवू शकते. काही लशींचा वण जास्त जणांना येतो, काहींचा कमी, हेही खरं. पण त्या रेघेमुळं पोरगी जास्त वाचते की कमी, हे ह्या फोटोत दिसत न्हाय. बारक्या पोरांना डोक्यात चढणारा टीबी होतो ना, त्यापासून ही लस चांगली राखते. मोठ्या माणसांच्या छातीच्या टीबीला ती तेवढी पुरी पडत न्हाय."

मला हे ऐकायचं नव्हतं. मला हो किंवा नाही पाहिजे होतं. मी गेले आणि एका दवाखान्यात विचारून आले, पुन्हा टोचाल का. तिथला माणूस म्हणाला, घेऊन या, बघू. हे तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही अशा भडकलात की पार उत्तनच्या झालात.

"न्हाय म्हंजे न्हाय. पोर हाय का पिनकुशन? तुला भीती मायचे खोकल्याची हाय ना? मग मायला सांग थुंकी तपास. पोरीचे दंडाला काय विचारते?"

"मायला कसं सांगू? तिला काय वाटेल?"

"आन् हे बघ. तुझे मायचे दंडावर हाय का वण?"

"मला काय माहीत?" आमच्याकडं कोपरापर्यंत बाह्या असतात. मी कधी बघितलाच नव्हता.

"मग बघून ये. बघून ये आन् मंग माझ्याशी भांड."

मी भेंडी झाकली, आरोहीला कडेवर घेतलं आणि येते असं न म्हणता निघाले. दुसऱ्या दिवशी आरोहीचं अंग तापलं होतं म्हणून आले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी हंसाबेनचा फोन आला. त्या नुसतं "वर्षा, वर्षा" करत होत्या. तुम्ही सकाळी उठला नव्हतात.

उत्तनला मातीला आले होते. समुद्राकडून वारा येत होता आणि तुमच्या गावचे लोक गात होते. मला त्यातलं काही येत नव्हतं. मी आरोहीला घेऊन मागं उभी होते आणि मनात एकच चाललं होतं की तुम्ही मला तो प्रश्न कशासाठी विचारला होतात. वण असेल तर काय? नसेल तर काय? आधी वाटलं, नसेल म्हणूनच मायला टीबी झाला असं तुम्हाला म्हणायचं होतं. मग वाटलं, छे, आंटी एवढं सोपं विचारायच्या नाहीत. तुमच्यावर माती पडत होती आणि मी हा हिशोब करत होते. तुम्हाला राग आला नसता, म्हणून लिहितेय.

फडकं मिळालं त्या दिवशी घरी येऊन मी मायला फोन लावला. आरोहीचे पप्पा म्हणाले, "काय बोलायचंय ते ठरवून घे आधी." काही ठरवलं नाही. सरळ म्हटलं, "माय, तू थुंकी तपासून घे. मला भीती वाटते. म्हणून मी आरोहीला आणत नाही."

मग माय म्हणाली, "कवाच दिली की."

"काय?"

"थुंकी. तुला सातवा महिना व्हता तवाच आशाताईला घेऊन गेले. साफ हाय. नातू-नात येणार, मंग आपणच बघून घ्यावं म्हटलं. परवा बी दिली, ती बी साफ हाय. डाक्टर म्हनला खोकला चुलीच्या धुराचा हाय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू काऊन इचारलं नाहीस? मी वाट बघायले, कवा इचारती म्हून. मला काय कळत नाही का, तू लेकराला काऊन आणिना ते?"

आंटी, फोनवर मला रडताही येईना. तिला सगळं कळत होतं आणि ती खोकला दाबत माझ्याशी बोलत होती. तुम्ही दोघी कधी भेटला नाहीत. पण माझ्यापेक्षा तुमचं एकमेकींशी जास्त जमलं असतं.

आम्ही गेलो. जाताना माझं आंबट दही डब्यात घेतलं, बर्फाच्या पिशवीत गुंडाळून, आणि तुमच्या पिशवीतलं फडकं. फडक्याचा मी अर्धाच तुकडा घेतला. अर्धा हंसाबेनच्या फ्रीझरमध्ये ठेवलाय, पुडीसकट. तुम्ही असतात तर आधी हेच विचारलं असतंत.

घरी पोचल्यावर आरोही आधी रडली. मायनं तिला घाई केली नाही. अंगणात बसून बांगड्या वाजवत राहिली. थोड्या वेळानं आरोहीच रांगत गेली आणि तिनं मायच्या बांगड्या धरल्या. मी दारात उभी होते. माय खोकली. मी आरोहीला उचलायला पुढं झाले, खोटं कशाला सांगू. कागद साफ आहे हे डोक्याला माहीत होतं, हातांना अजून पोचलं नव्हतं.

फडकं मी कोमट दुधात टाकलं. सकाळचं लावलेलं, दुसऱ्या सकाळीही दूधच. माय म्हणाली, "मेलं असंल ते." मी झाकून चुलीपासून थोडं लांब, उबेला ठेवलं आणि तुमच्यासारखी उगीच दर थोड्या वेळानं उचकटायला गेले नाही. संध्याकाळी हलवलं तर थरथरलं. लागलं होतं. त्यातूनच थोडं घेऊन एकदा नीट लावलं आणि मग तीन वाट्या मांडल्या. मायचं आजचं, माझं नवघरचं, आणि फडक्यावरचं. कुठलं कुठलं ते सांगितलं नाही. चमचे तीन दिले.

"हे काय आता?" माय म्हणाली.

"चाख. तुझं कुठलं, सांग."

तिनं माझं चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "हे भाईंदरचं." मग आपलं आजचं. "हे माझं. रोजचं." मग फडक्यावरचं घेतलं आणि थांबली. पुन्हा एक चमचा घेतला.

"हे कुठून आणलंस?"

"तूच दिलंस की. लग्नात."

"हे असं व्हतं व्हय?" माय म्हणाली. "हे तं आपली म्हैस व्हती तवाचं. किती दिवस झाले, मला वाटायचं माझ्या जिभेचीच चव गेली."

तिला तिचं आजचं दही तेच वाटत आलं होतं. रोज थोडं थोडं बदललं, म्हणून कधी कळलंच नाही. आंटी, तुमचं बरोबर होतं. मी मायला तुमची सगळी गोष्ट सांगितली. बटाटा, पित्त, जपान, रशिया, काजळाची रेघ. माय ऐकत होती आणि फडक्यावरचं दही खात होती. मधेच म्हणाली, "मंग ती हरवलेली रेघ सापडली का त्या बाईला?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मंग कोण शोधायलं आता?"

मी म्हटलं, कुणीतरी शोधत असेल. निळ्या बोटांचं कुणीतरी.

दुपारी माय न्हाणीतून आली. केस वाळवायला उन्हात बसली होती, पदर खाली, बाही वर सरकवलेली. आरोही तिच्या मांडीवर. मी तेल घेऊन मागं बसले आणि डाव्या दंडावरची बाही आणखी वर केली.

"काय बघतीस?"

"काही नाही. हे कधीचं?"

"हे व्हय? लहानपणी शाळेत टीबीचं टोचाया आले व्हते. समदे पोरं पळाले, मला धरलं."

मी मायची ताटली काढली. कडेला वाकलेली तीच. तिच्यात फडक्यावरचं दही आणि भात कालवला. माय म्हणाली, "अगं, लेकराला दुसऱ्या ताटात दे." मी म्हटलं, हीच राहू दे. आरोहीनं पहिला घास थुंकला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याला मायचं बोटच धरून चोखलं.

बघून आले, आंटी. आहे. डाव्या दंडावर, हरभऱ्याएवढा, चांगला खोल, आणि तरी तिला टीबी झाला.